बॅटरी कोणाच्या ताब्यात?

आमच्या वऱ्हाडात टॉर्चला बॅटरी म्हणतात. पुस्तकातली मराठी तिला विजेरी म्हणते, पण अकोल्याच्या बाजारात विजेरी मागितली तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. म्हणून या लेखात मी बॅटरीच म्हणणार आहे, आणि जी कपाळाला पट्ट्याने बांधतात तिला डोक्याची बॅटरी.

स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या अंकात बॅटरीवर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. जमीन, वारसा, हिंसाचार, मजुरी हे आपले नेहमीचे विषय आहेत आणि ते महत्त्वाचे आहेतच. पण अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत गेली काही वर्षं बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या बैठका घेताना मला एक गोष्ट सारखी दिसत आली आहे. बाईचं निम्मं काम अंधारात चालतं आणि त्या अंधारात तिच्याजवळ स्वतःचा उजेड नसतो. हा प्रश्न लहान आहे म्हणून तो कुणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून तो तसाच राहतो.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला घरातल्या साधनांचा तक्ता करायला शिकवलं होतं. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला दोन रकाने: वापर कोणाचा आणि ताबा कोणाचा. घर, शेत, बैलजोडी, दागिने, सायकल अशी यादी असायची. हा तक्ता मी अजूनही बैठकीत बायांकडून भरून घेते आणि यादीत बॅटरी मुद्दाम घालते. गावागावांत उत्तर जवळपास एकच येतं. "बॅटरी त त्याइचीच असते ना ताई. ते वावरात घेऊन जातेत." घरात मुलगा असेल तर दुसरी बॅटरी त्याची. बाईच्या वाट्याला येतो तो स्वयंपाकघरातला दिवा, आणि लाईट गेली की मेणबत्ती.

मोबाईल आहे ना, असं पुरुष मंडळी लगेच म्हणतात. पण मोबाईल तरी कोणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. म्हणजे जवळपास निम्म्या बायांना तोही मागून घ्यावा लागतो. आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनीही तो बॅटरी म्हणून वापरणं धोक्याचं आहे. अडचणीच्या वेळी १०८ ला, ११२ ला किंवा महिला हेल्पलाईनच्या १८१ ला फोन करायचा तो त्याच मोबाईलवरून. रस्ता पाहण्यात त्याचा चार्ज संपवला तर हाक मारायला काही उरत नाही. शिवाय तो पावसात काढता येत नाही, हातातून निसटून विहिरीत किंवा नालीत पडला तर गेला. मोबाईलचा उजेड दोन मिनिटांची सोय आहे. तेवढाच त्याचा उपयोग मानावा.

बाई अंधारात कुठे कुठे असते

रात्री बाईचं बाहेर काय काम, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आमच्या भागातला एक दिवस मोजून पाहावा.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे, पिण्याच्या कामाचं नाही. धरणांवरून नळयोजना आल्या, पण नळ कोणत्या दिवशी आणि किती वाजता येईल याची खात्री अनेक गावांत नाही. रात्री एकला नळ आला तर एकला उठून पाणी भरायचं. भरणार कोण, हे सांगायला नको.

उन्हाळ्यात अकोल्याचा, अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुपारी वावरात उभं राहता येत नाही, म्हणून कामाला पहाटेच निघावं लागतं. त्याआधी स्वयंपाक, पाणी, जनावरांचं चारापाणी. म्हणजे बाईचा दिवस साडेतीन-चारला सुरू होतो. ज्या घरांत संडास नाही, किंवा आहे पण पाण्याअभावी बंद आहे, तिथल्या बायांना गोदरीवर जायलाही अंधारच निवडावा लागतो. उजेड झाला की जाता येत नाही.

मेळघाटात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. कोरकू बाया तांबडं फुटायच्या आधी टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर केला तर फुलं जनावरं खातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. अस्वलाशी अचानक गाठ पडू नये यासाठी उजेड आणि आवाज, दोन्ही सोबत लागतात.

आणि रात्रीचं ओलीत. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत पाणी ओलायला अपरात्री वावरात जावं लागतं. थंडी, रानडुकरं, धुऱ्यावरचे साप आणि ओल्या हाताने चालू करायचा स्टार्टर. हे काम पुरुषांचं मानलं जातं. पण गेली पंचवीस-तीस वर्षं वऱ्हाड शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ओळखला जातो, आणि ज्या घरातला कर्ता गेला त्या घरात हे काम कोण करतं, हे आपण विचारलेलं नाही. ज्या घरातला पुरुष पुण्या-मुंबईला कामाला गेला आहे, तिथेही तीच गोष्ट. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांतून काही पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला, त्याचं आपण कौतुक केलं. सातबाऱ्यावर नाव आलं तरी त्या वावरात रात्री जायचं तर उजेड लागतोच.

अंधाराची किंमत जिवाने मोजली जाते. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. मण्यार तर रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून पुष्कळदा कळतही नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. लस दवाखान्यात असलीच पाहिजे. पण दंश होऊच नये यासाठी पायापुढचा हातभर उजेड आणि पायात बूट या दोन गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत. (दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. अंग हलवू न देता तडक दवाखाना गाठावा.)

दोन हातांचा प्रश्न

दर्यापूरकडच्या एका गावात बैठकीत मी विचारलं, पाणी भरायला जाताना बॅटरी का नेत नाही? एक बाई फणकाऱ्याने म्हणाली, "अव ताई, डोक्यावर गुंड, काखेत दुसरा गुंड, एका हातानं पदर सावरा लागते. मंग बॅटरी काय दातात धरू?" सगळ्या हसल्या. पण मला वाटतं या एका वाक्यात सगळा मुद्दा आला आहे.

हातातली बॅटरी ज्याचा एक हात रिकामा आहे त्याच्यासाठी बनलेली वस्तू आहे. ती घेऊन माणूस चालत जातो, पाहतो, परत येतो. बाईचा हात रिकामा नसतो. गुंड असतो, मूल असतं, दुधाची चरवी असते, विळा असतो, बाळंतिणीचा हात असतो. तिला उजेड हवा आहे, पण तो धरायला तिसरा हात नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बाईसाठी पहिली खरेदी डोक्याच्या बॅटरीची असावी. हातातली नंतर.

डोक्याची बॅटरी मुळात खाणकामगारांसाठी निघाली. दोन्ही हातांनी कोळसा खणायचा तर दिवा टोपीवरच हवा. आधी कार्बाईडचे दिवे होते, मग १९१४ च्या सुमारास एडिसनने कमरेच्या बॅटरीवर चालणारा टोपीचा विजेचा दिवा काढला. म्हणजे जिथे हात कामात गुंतलेले आहेत तिथला हा दिवा. आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्याने बायांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई होती. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अटी घालून ती सैल केली. खाणीतल्या पुरुषाचे दोन्ही हात कामात आहेत हे शंभर वर्षांपूर्वी कळलं आणि त्यावर वस्तू तयार झाली. चुलीपाशी, विहिरीपाशी आणि गोठ्यात बाईचे दोन्ही हात कामात आहेत हे कळायला मात्र कुणाला घाई नव्हती.

आता आमच्या भागात ओलीत करणारे, जागलीला जाणारे, संत्र्याच्या बागा राखणारे पुष्कळ पुरुष डोक्याची बॅटरी वापरतात. बाजारात ती सहज मिळते. साध्या बॅटरीची किंमत निंदणाच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी असते. अडतं ते पैशापाशी कमी आणि "तुला कशाला?" या प्रश्नापाशी जास्त.

घेताना काय पाहावं

दुकानात बाई बॅटरी घ्यायला गेली की दुकानदार एक तर सर्वांत स्वस्त दाखवतो, नाही तर सर्वांत भडक. म्हणून काही गोष्टी आपणच माहीत करून घेतलेल्या बऱ्या.

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. एका मेणबत्तीचा उजेड सुमारे १२ ल्युमेन. भाजी चिरायला, पाणी भरायला, कागद वाचायला २०-३० ल्युमेन पुरतात. पायवाटेने चालायला ५० ते १००. वावरात लांबवर पाहायला २०० ते ३००. याच्यावरचा उजेड आपल्याला क्वचितच लागतो आणि तो सेल भराभर खातो. खोक्यावर हजारोंचे आकडे छापलेले असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. लांबवर पाहण्याचंही एक गणित आहे. दुप्पट अंतरावर तेवढंच स्पष्ट दिसायला चौपट उजेड लागतो. त्यामुळे किलोमीटरभर झोत जातो असं सांगणाऱ्या स्वस्त बॅटरीवर हसून पुढे जावं.

झोत दोन तऱ्हेचा असतो. अरुंद झोत लांब जातो, पण त्यात एक गोल ठिपका दिसतो आणि पायाजवळ अंधार राहतो. पसरट उजेड जवळचं सगळं दाखवतो. साप पायाजवळ असतो, खड्डा पायाजवळ असतो, काम हाताजवळ असतं. म्हणून बाईच्या रोजच्या वापराला पसरट उजेड. रखवालीसाठी लांबचा. दोन्ही असलेली मिळाली तर उत्तम.

उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे, आणि बटण दाबल्यावर पहिल्यांदा मंद लागला पाहिजे. पुष्कळ बॅटऱ्या एकदम प्रखर लागतात आणि बंद करायच्या तर लुकलुकणाऱ्या झोतातून जावं लागतं. झोपलेलं मूल, म्हातारी सासू, आजारी माणूस ज्या घरात आहे तिथे हा त्रास आहे. घरातल्या इतरांना जागं न करता उठण्याची गरज बाईला किती वेगवेगळ्या कारणांनी पडते, हे मी पुढे लिहिते.

आता सेल. स्वस्त चार्जिंगच्या मोठ्या बॅटऱ्यांत शिशाची बॅटरी असते. ती जड असते आणि उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की खराब होते. पावसाळ्यासाठी म्हणून कपाटात ठेवली आणि पावसाळ्यात लागलीच नाही, ही तक्रार बहुधा तिचीच. लिथियमचा सेल हलका, जास्त टिकणारा. त्याच्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहावा. बोटभर लांबीच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं असेल तर ते खोटं आहे. त्या आकारात साधारण साडेतीन-चार हजारांपेक्षा जास्त बसत नाही. लिथियमला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात टिनाच्या छताखाली, चुलीजवळ, उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये. आणि चार्जिंगची पिन मोबाईलचीच असावी, म्हणजे वेगळी वायर शोधावी लागत नाही.

पण वीजच तीन दिवस गेली तर चार्ज कुठे करणार? वादळाने खांब पडले की खेड्यात हेच होतं. म्हणून माझा सल्ला असा: रोजच्या वापरासाठी चार्जिंगची डोक्याची बॅटरी, आणि अडचणीच्या पिशवीसाठी साध्या पेन्सिल सेलवर चालणारी दुसरी लहान बॅटरी. पेन्सिल सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. त्यात अल्कलाईन लिहिलेले सेल घ्यावेत, ते अनेक वर्षं टिकतात. साधे कार्बन-झिंकचे सेल लवकर गळतात आणि बॅटरी आतून खातात. पिशवीतल्या बॅटरीचे सेल बाहेर काढून, वेगळे बांधून ठेवावेत. बटण चुकून दाबलं जाऊन ती पिशवीतच जळत राहिली, असंही मग होत नाही.

पाण्यासाठी खोक्यावर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो. ४ म्हणजे शिंतोडे चालतील, पाऊस चालेल. ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. आपल्याला ४ पुरतो, नदीकाठच्या गावांना ७ बरा.

चांगल्या कंपनीच्या खोक्यावर किती तास चालते ते दिलेलं असतं. अमेरिकेतल्या २००९ च्या एका मानकावरून ही पद्धत रुळली आहे. तिच्यात उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे १० तास लिहिलं असेल तर दहाही तास सारखा उजेड मिळेल असं समजू नये.

डोक्याची बॅटरी घेताना ती दुकानातच पदरावरून किंवा स्कार्फवरून बांधून पाहावी. पट्टा अंबाड्यावरून घसरतो का, कपाळाला रुततो का, मान खाली घातली की पुढे येते का? पुरुषांच्या रखवालीच्या बॅटऱ्या जड असतात, मान दुखते. शंभर ग्रॅमच्या आसपासची पुष्कळ झाली. दिवा खाली वळवता आला पाहिजे, नाही तर समोरच्या बाईच्या डोळ्यांत झोत जातो आणि तिला काहीच दिसत नाही. पावसाळ्यात उजेडावर किडे येतात आणि ते तोंडावर येतात. तेव्हा पट्टा कमरेला बांधावा.

उजेडाचा रंगही पाहावा. निळसर पांढऱ्या उजेडात माणसाचा चेहरा, जखम, रक्त नीट ओळखू येत नाही. किंचित पिवळसर उजेड डोळ्यांना बरा. मात्र आशाताईंनी आणि घरातल्या बायांनी एक लक्षात ठेवावं. नवजात बाळाला कावीळ आहे की नाही हे कोणत्याच बॅटरीच्या उजेडात पाहू नये. त्याला दिवसाचा उजेड लागतो, आणि शंका असेल तर दवाखाना. आशाताईंचा विषय निघाला म्हणून सांगते, त्यांच्या पिशवीत थर्मामीटर असतो, वजनकाटा असतो. रात्री बाळंतिणीला घेऊन निघताना मात्र मी पाहिलेल्या बहुतेक जणी स्वतःच्याच मोबाईलचा उजेड वापरतात.

अडचणीची पिशवी

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तो पहाटे चारच्या सुमारास, अंधारात. आमच्याच अमरावती जिल्ह्यात, धारणी तालुक्यात साद्राबाडीच्या परिसरात २०१८ मध्ये भूकंपाचे हादरे बसत राहिले, तेव्हा लोकांना घरात झोपायची भीती वाटत होती. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेचं पाणी रात्रीतून वस्त्यांमध्ये शिरलं. संकटं दिवसाची वाट पाहत नाहीत आणि वीज सर्वांत आधी जाते. घरातल्या चार माणसांना आणि दोन शेळ्यांना बाहेर काढायचं तर पहिली गोष्ट लागते उजेड. म्हणून पिशवीत काय ठेवावं याची यादी करताना बॅटरी सर्वांत वर, आणि ती दाराजवळ, हाताला लागेल अशी. मग औषधं, ओआरएसची पाकिटं, आधार-रेशन कार्ड आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रती प्लास्टिकमध्ये, थोडे पैसे, काडेपेटी, शिट्टी, पाळीचे कपडे किंवा पॅड. शेवटची गोष्ट पुरुषांनी केलेल्या यादीत नसते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पण बाईवर आणखी एक आपत्ती येते, ती सरकारी यादीत नाही. ती नवऱ्याच्या रूपाने रात्री घरी येते. ज्या बाईला मारहाण होते तिला कधी तरी मध्यरात्री मुलांना घेऊन निघावं लागतं, हे आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायांनी वारंवार सांगितलं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, आणि तो तिने मिळवलाच पाहिजे. पण हक्क मिळेपर्यंत ती रात्र निभावायची असते. अशा बाईशी बोलताना आम्ही तिची पिशवी ठरवतो: कागदपत्रांच्या प्रती, औषधं, थोडे पैसे, फोन नंबर कागदावर लिहिलेले, आणि एक लहान बॅटरी. पिशवी शेजारणीकडे किंवा मैत्रिणीकडे ठेवायची. बॅटरी मात्र स्वतःजवळ. इथे मंद उजेडाचं, आवाज न करणाऱ्या बटणाचं महत्त्व कळतं. अंधारात कडी शोधायची, मुलाच्या चपला शोधायच्या आणि कुणाला जागं न करता पांदणीला लागायचं. ही बॅटरी घरातल्या कुणी "कशाला घेतली" म्हणून विचारू नये इतकी साधी असावी. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची बोटाएवढी मिळते, ती चालते.

भीतीचा बाजार

एका गोष्टीबद्दल सावध करायला हवं. बायांच्या सुरक्षेच्या नावाखाली झटका देणाऱ्या, डोळे दिपवणाऱ्या बॅटऱ्या विकल्या जातात. जाहिरातीत गल्लीच्या टोकाशी एक अनोळखी गुंड उभा असतो. आपल्याला माहीत आहे की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. त्या ओळखीच्या माणसाविरुद्ध ही बॅटरी काय करणार? झटक्याचं यंत्र दुसऱ्याने हिसकावलं तर ते आपल्यावरच चालतं. मला बॅटरी हवी आहे ती बाईला दिसावं म्हणून. हत्यार म्हणून ती विकत घेण्यात पैसे वाया जातात आणि भीती मात्र वाढते.

यावर आपल्याच मैत्रिणींचा एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. त्या म्हणतात, बायांना बॅटऱ्या वाटायच्या म्हणजे रस्त्यावरचे दिवे लावायची ग्रामपंचायतीची जबाबदारी बायांच्या डोक्यावर बांधायची. दिवसा वीज मागायची सोडून रात्री जायची तयारी करायची. संडास मागायचा सोडून गोदरीची सोय करायची. उद्या काही झालं तर लोक विचारतील, बॅटरी नेली नव्हती का?

हा धोका खरा आहे आणि बॅटरी वाटपाचे फोटो काढून मोकळे होणारे पुढारी आपण पाहतो. तरीही मला हा आक्षेप पूर्ण मान्य नाही. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. काही गावांत दिवसा वीज आली. बाकीच्या गावांतल्या बाईने तोपर्यंत अंधारात धुरा तुडवावा असं सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. मागणी आणि सोय एकमेकींच्या विरोधात उभ्या करायच्या नसतात. उलट, जिला रात्री बाहेर पडता येतं तीच रात्रीची बैठक करते, पाण्याच्या टाकीपाशी जमते, कोणता खांब बंद आहे ते मोजून येते. अंधाराला घाबरून सातच्या आत घरात बसलेली बाई रस्त्यावरच्या दिव्याची मागणी कशाला करील?

म्हणून दोन्ही करावं. गटाच्या बचतीतून प्रत्येक सभासदासाठी एक डोक्याची बॅटरी घ्यावी, आणि ती तिच्या नावाने, तिच्या ताब्यात राहील असं गटात ठरवून घ्यावं. एकत्र घेतल्या तर भाव कमी होतो आणि खराब निघालेली बदलून घेता येते. गटाने वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, सगळ्यांच्या बॅटऱ्या आणि सेल तपासावेत. त्याच बैठकीत गावातल्या बंद दिव्यांची यादी करावी आणि ती ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठराव करून मांडावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे जातात हे विचारावं. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, तेव्हा विचारणाऱ्या आणि उत्तर देणाऱ्या दोघी बायाच असू शकतात. रात्रीच्या पाळीत वीज येणाऱ्या गावांत ओलीत करणाऱ्या बायांची नावं ठरावात लिहावीत, कारण सरकारदरबारी रात्री वावरात जाणारी बाई अजून कुणाला दिसलेली नाही.

जुन्या एव्हरेडीच्या पितळी बॅटरीचं एक नाव जीवन साथी होतं. आमच्याकडच्या अनेक घरांत ती खुंटीला असायची, आणि ज्याची साथ ती करायची तो घरधनी. आता बॅटऱ्या प्लास्टिकच्या झाल्या, हलक्या झाल्या, स्वस्त झाल्या. खुंटी मात्र बऱ्याच घरांत तीच आहे. पुढच्या बैठकीत आपापल्या गटात हा प्रश्न विचारून पाहा आणि काय उत्तरं आली ते कळवा. माझा अंदाज आहे की वऱ्हाडाबाहेरही ती फार वेगळी नसतील.